वाचकाचा माग : ब्राउझरमधील परस्परसंवादी कथा आणि अभ्यागत-नोंदीची चिकित्सा

१

वाङ्मयकृतीचा वाचक कोण, आणि ती वाचताना तो नेमके काय करतो, हा प्रश्न समीक्षेला नवा नाही. आपल्याकडे अभिनवगुप्ताने सहृदयाचे लक्षण सांगितले. पश्चिमेकडे वोल्फगांग इझरने १९७२ मध्ये 'अभिप्रेत वाचका'ची कल्पना मांडली. या दोन विचारांत अंतर पुष्कळ आहे. तथापि एक गोष्ट दोहोंना समान आहे. दोघांचाही वाचक विचाराने सिद्ध झालेला आहे, त्याची मोजदाद कोणी केलेली नाही. गेल्या काही वर्षांत मात्र एक असा वाङ्मयप्रकार पुढे आला आहे की, ज्याच्या वाचकाने कोणते वाक्य वाचून कोणत्या वाटेने पाऊल टाकले, हे लेखकाला घरबसल्या कळू शकते. ब्राउझरमध्ये वाचली जाणारी परस्परसंवादी कथा हा तो प्रकार होय. अशा कथेला अभ्यागत-नोंदीची यंत्रणा जोडली असता समीक्षेच्या हाती काय येते, आणि जे येते असे वाटते त्यातले खरोखर किती येते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या प्रकाराचा इतिहास येथे विस्ताराने सांगण्याचे प्रयोजन नाही. विल क्राउदरने १९७६ च्या सुमारास गुहेतील भटकंतीवर एक संगणकीय खेळ रचला आणि डॉन वुड्सने १९७७ मध्ये तो वाढविला. 'ॲडव्हेंचर' या नावाने ओळखली जाणारी ही रचना म्हणजे या परंपरेचा आरंभ, असे सामान्यतः मानतात. ग्रॅहम नेल्सनने १९९३ मध्ये 'इन्फॉर्म' ही रचनाभाषा सिद्ध केली. ख्रिस क्लिमासने २००९ मध्ये 'ट्वाइन' हे साधन उपलब्ध करून दिले. पहिल्या परंपरेत वाचक आज्ञा टंकतो. दुसरीत तो समोर दिसणाऱ्या दुव्यांपैकी एक निवडतो. हा भेद वरकरणी तांत्रिक वाटला, तरी पुढील विवेचनात त्याला वाङ्मयीन महत्त्व आहे, हे दिसून येईल.

कागदावरही हे प्रयोग झाले होते. हुलिओ कोर्तासारच्या १९६३ च्या 'रायुएला' या कादंबरीची प्रकरणे दोन क्रमांनी वाचण्याची सोय लेखकानेच करून ठेवलेली आहे. एडवर्ड पॅकर्डचे 'द केव्ह ऑफ टाइम' हे १९७९ चे बालपुस्तक तर वाचकाला पानोपानी पर्याय देत असे. ती पुस्तके वाचणारी मुले एका पानात बोट अडकवून ठेवीत, पुढची वाट पाहून येत, आणि वाट वाईट निघाली तर निमूट परत फिरत. त्या बोटाची नोंद कोठेही झाली नाही. आज प्रश्न आहे तो त्या बोटाचाच.

२

नोंद घडते कशी, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. कारण या बाबतीत वाङ्मयाच्या अभ्यासकांचा समज बहुधा ढोबळ असतो. संकेतस्थळावरील अभ्यागतांची गणना करणारी साधने, उदाहरणार्थ २००५ च्या नोव्हेंबरात सुरू झालेले 'गूगल ॲनालिटिक्स', ही 'पान' हे एकक गृहीत धरून निर्माण झाली. वर्तमानपत्राच्या किंवा दुकानाच्या स्थळास ते योग्यच आहे. परंतु ट्वाइनमधील संपूर्ण कथा एकाच फाइलीत सामावलेली असते. वाचक एका प्रसंगातून दुसऱ्यात जातो तेव्हा नवे पान उघडत नाही. आधीच आलेल्या मजकुरातील एक तुकडा झाकला जातो व दुसरा उघडा होतो. परिणामी, नुसती गणक-संहिता चिकटवून दिली, तर शंभर प्रसंगांची कथा अथपासून इतिपर्यंत वाचणारा आणि पहिले वाक्य वाचून निघून जाणारा, या दोघांची नोंद सारखीच होते : एक भेट. कथेच्या अंतरंगात काय घडले हे जाणावयाचे असेल, तर प्रत्येक प्रसंग उघडताच त्याचे नाव दूरच्या गणकाकडे धाडावे, अशी स्वतंत्र आज्ञा कथेच्या संहितेत लिहावी लागते.

उदाहरणादाखल एक कथा कल्पू. रात्री उशिरा एक प्रवासी नागपूरच्या रेल्वेस्थानकावर उतरतो. पश्चिमेच्या दाराने बाहेर पडले तर सीताबर्डी. पूर्वेच्या दाराने पडले तर संत्रा मार्केट. त्याच्या खिशात एक पत्र आहे, आणि ते अद्याप त्याने फोडलेले नाही. वाचकापुढे तीन दुवे आहेत : पश्चिमेचे दार, पूर्वेचे दार, पत्र. गणकाच्या कोष्टकात आठवड्याअखेरीस दिसते की, पश्चिमेकडे अधिक वाचक गेले, पूर्वेकडे कमी, आणि पत्र फारच थोड्यांनी फोडले. लेखक या आकड्यांकडे पाहतो आणि म्हणतो, 'वाचकांना पत्रात रस नाही.'

हे विधान सर्वस्वी निराधार असू शकते. पश्चिमेच्या दाराचा दुवा यादीत पहिला होता म्हणून तो दाबला गेला असेल. नागपूरकर वाचकाला सीताबर्डी ओळखीची वाटली असेल. ज्याने पत्र फोडले नाही त्याला पत्राचेच सर्वाधिक औत्सुक्य असेल आणि ते औत्सुक्य जपण्यासाठीच त्याने ते खिशात राहू दिले असेल. बंद पत्र बाळगून चालणे हाही वाचनाचा एक अनुभव आहे, किंबहुना कथेच्या दृष्टीने तोच अधिक समृद्ध अनुभव असण्याचा संभव आहे. कोष्टकात दुवा दाबल्याची खूण उमटते. तो न दाबण्यामागे उपेक्षा होती की संयम, हे त्यात उमटण्याची काही सोय नाही.

३

तर मग या नोंदी टाकाऊ समजाव्यात काय? तसे मला वाटत नाही. माझे म्हणणे एवढेच की, त्यांच्याकडे 'पुरावा' म्हणून पाहण्यापूर्वी 'हस्तलिखित' म्हणून पाहिले पाहिजे. आणि हस्तलिखितांकडे कसे पाहावे, हे विदर्भातील अभ्यासकांना परक्यांकडून शिकावयाची गरज नाही. नागपूर विद्यापीठाचे माजी कुलगुरू वि. भि. कोलते यांनी 'लीळाचरित्रा'ची संपादित आवृत्ती १९७८ मध्ये प्रसिद्ध केली. त्या ग्रंथाची मूळ पोथी नष्ट झाल्यावर तो स्मरणातून पुन्हा सिद्ध करावा लागला, असे महानुभाव परंपरा मानते. परिणामी भिन्न पाठ निर्माण झाले. आणि परंपरेने ते पाठ दडविले नाहीत, तर कोणत्या व्यक्तीच्या स्मरणात काय होते हे 'वासना' या संज्ञेने वेगळे नोंदविले. पाठाबरोबर तो कोणामार्फत आला हेही सांगावयाचे, ही दृष्टी त्यात आहे. वाचनाच्या यांत्रिक नोंदीला नेमकी हीच दृष्टी हवी. गणकाच्या कोष्टकातील प्रत्येक ओळ ही कोणा एका वाचनाची प्रत आहे; ती कोणत्या यंत्राने, कोणत्या परिस्थितीत उतरवली आणि उतरविताना काय गळाले, हे आधी विचारले पाहिजे.

काय गळते ते पाहू. एखाद्या प्रसंगावर वाचक किती वेळ थांबला, हे बहुधा दोन नोंदींमधील अंतरावरून काढतात : अमुक प्रसंग उघडला तो क्षण आणि त्याच्या पुढचा उघडला तो क्षण, यांची वजाबाकी. या पद्धतीत कथेच्या शेवटच्या प्रसंगाला पुढचा प्रसंगच नसतो. म्हणून तेथील वाचनकाळ अज्ञात राहतो, आणि अनेक कोष्टकांत तो शून्य म्हणून छापला जातो. वाचक जेथे पुस्तक मांडीवर उपडे ठेवून काही काळ स्तब्ध बसतो, त्या जागेचा काळ शून्य! ब्राउझर मिटताना एक अखेरची नोंद धाडण्याची युक्ती आहे, परंतु भ्रमणध्वनीवर वाचणारा मनुष्य ब्राउझर मिटतोच असे नाही. तो दुसरीकडे वळतो आणि यंत्र सवडीने ते पान बंद करते. त्या गडबडीत अखेरची नोंद पुष्कळदा हरवते. अर्ध्यावर सोडलेल्या वाचनाचीही गत हीच. कंटाळून सोडलेला शेवटचा प्रसंग आणि डोळे भरून आल्यामुळे मिटलेला शेवटचा प्रसंग, यांची प्रत एकसारखी दिसते. कथेच्या समीक्षेत शेवटाला जे स्थान आहे ते लक्षात घेता, हा दोष किरकोळ म्हणता येणार नाही. वाचनकाळाच्या सरासऱ्या देऊन प्रबंध लिहू इच्छिणाऱ्यांनी प्रथम याचा विचार करावा.

दुसरी बाब 'एक वाचक' या एककाची. गणक वाचकाला ओळखत नाही. तो ब्राउझरमध्ये ठेवलेली एक खूण ओळखतो. गूगलच्या साधनात या खुणेची मुदत सामान्यतः दोन वर्षे असते. विभागाच्या ग्रंथालयातील एका संगणकावर दहा विद्यार्थ्यांनी पाठोपाठ कथा वाचली, तर कोष्टकात एक चंचल वाचक दिसेल, ज्याने तीच कथा दहा वेळा वाचून दहा परस्परविरोधी निर्णय घेतले. उलट एकाच विद्यार्थिनीने ती दुपारी ग्रंथालयात आणि रात्री स्वतःच्या भ्रमणध्वनीवर वाचली, तर त्या दोघी होतात. कथा 'इच' सारख्या स्थळावर चौकटीत बसवून दिलेली असेल, तर अडचण आणखी वाढते. कारण चौकटीतील पाहुण्या स्थळाची खूण ठेवून घेण्यास काही ब्राउझर नकार देतात. 'सफारी'ने तर २०२० च्या मार्चपासून अशा खुणा सरसकट अडविल्या आहेत. तेथे प्रत्येक पुनर्वाचन हे नव्या वाचकाचे पहिले वाचन म्हणून मिरवते.

तिसरी बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जे वाचक गणकांना अडविणारी साधने वापरतात, ते या कोष्टकातून संपूर्णपणे वगळले जातात. हे वगळणे यादृच्छिक नाही. स्वतःविषयी सावध असलेला, आपले वाचन कोणी न्याहाळू नये असे वाटणारा, असा एक विशिष्ट स्वभावाचा वाचकच त्यातून नाहीसा होतो. ज्या कथेचा विषयच गुपित, लज्जा किंवा भय आहे, तिचा सर्वांत जवळचा वाचक हाच असण्याची शक्यता अधिक. त्यात वाचक नसलेल्या, म्हणजे स्थळे धुंडाळीत फिरणाऱ्या स्वयंचलित यंत्रांच्या भेटी मिळवा. प्रक्षेप आणि लोप असे पाठचिकित्सेतील दोन्ही दोष एकाच प्रतीत आढळतात, असे म्हणावयास हरकत नाही.

४

आज्ञा टंकून वाचावयाच्या कथांची गोष्ट मात्र निराळी आहे, आणि येथे नोंदीचे मूल्य मी मोकळेपणाने मान्य करतो. इन्फॉर्ममध्ये रचलेली कथा 'पार्चमेंट' सारख्या साधनाने ब्राउझरमध्ये चालविता येते, आणि वाचकाने टंकलेली प्रत्येक ओळ जतन करता येते. ही ओळ म्हणजे नुसती निवड नव्हे, ती वाचकाची उक्ती आहे. लेखकाने पुढे केलेल्या तीन पर्यायांतून एक उचलणे वेगळे आणि कोऱ्या जागेत स्वतःचे शब्द लिहिणे वेगळे. कथेला ज्या आज्ञा कळल्याच नाहीत, त्यांची यादी तर लेखकाच्या दृष्टीने अमोल होय. तीत त्याने न लिहिलेली कथा असते. ज्या खिडकीचे त्याने केवळ वर्णन केले ती वाचकाने उघडू पाहिली; जे पात्र त्याने शोभेसाठी उभे केले त्याला वाचकाने नाव विचारले. एमिली शॉर्टच्या २००० सालच्या 'गॅलटिआ' या रचनेत वाचक एका पुतळ्याशी संभाषण करतो आणि संभाषणाच्या ओघानुसार अनेक भिन्न शेवटांपैकी एकाशी पोचतो. अशी रचना वाचकांच्या संभाव्य प्रश्नांचा अदमास घेतल्यावाचून होऊच शकत नाही.

मराठीत या प्रकाराची कथा रचावयाची झाली, तर या यादीचे महत्त्व शतगुणित होईल. इंग्रजीत आज्ञेचा साचा ठरीव आहे : क्रियापद आणि पुढे नाम. मराठीत नाम सामान्यरूप धारण करते आणि प्रत्यय व शब्दयोगी अव्यये त्याला चिकटून येतात. 'पेटी', 'पेटीत', 'पेटीतून', 'पेटीवरचा' ही सारी एकाच वस्तूची रूपे यंत्राला ओळखता आली पाहिजेत. 'दिवा' आणि 'दिव्याने' यांचे नाते त्याला शिकवावे लागेल. रोमन लिपीत मराठी टंकणाऱ्यांची सोय हा वेगळाच व्याप. परंतु याहून खोल प्रश्न क्रियापदाचा आहे. दार उघडावयाचे असता मराठी वाचक काय लिहील? 'दार उघड' असे तो लिहील, तर तो नायकाला आज्ञा करीत आहे; नायक त्याच्याहून वेगळा आणि बरोबरीचा किंवा लहान आहे. 'दार उघडा' असे लिहील, तर तो कथेला किंवा तिच्या कर्त्याला आदराने विनंती करीत आहे. 'दार उघडतो' असे लिहील, तर तो नायक झालेला आहे. वाचकाचे कथेतील पात्राशी तादात्म्य झाले की नाही, हा प्रश्न आपण रसचर्चेत किती वेळा केवळ तर्काने सोडविला आहे! येथे तादात्म्याची खूण क्रियापदाच्या पुरुषात उमटते, आणि एकाच वाचनात 'उघड' पासून 'उघडतो' पर्यंत वाचक कोणत्या प्रसंगाशी सरकला, हे दाखविता येते. अभ्यागतांच्या संख्येपेक्षा अशा एका नोंदीचे मोल मला अधिक वाटते.

मात्र याच ठिकाणी दुसरी बाजूही उघडी पडते. इंग्रजी आज्ञेत वाचकाची ओळख नसते. मराठीत 'उघडतो' आणि 'उघडते' यांत वाचकाचे लिंग प्रकट होते. 'उघडून राहिलो' असे कोणी लिहिले, तर तो नागपूरकडचा आहे हे सांगावयास गणकाची गरज नाही. ज्या व्याकरणामुळे नोंद वाङ्मयदृष्ट्या बोलकी होते, त्याच व्याकरणामुळे ती वाचकाविषयी त्याने न सांगितलेल्या गोष्टी सांगून टाकते. नावगाव पुसले म्हणजे नोंद निनावी झाली, हा युक्तिवाद इतर भाषांत कदाचित चालेल. मराठीत तो तितका चालणार नाही.

५

नोंदीचा परिणाम केवळ समीक्षेवर होतो असे नाही, तो निर्मितीवरही होतो. 'टेलटेल'च्या २०१२ मधील 'द वॉकिंग डेड' या कथाखेळात प्रत्येक भागाच्या अखेरीस, आपल्यासारखाच निर्णय किती टक्के खेळाडूंनी घेतला, हे दाखविले जाई. कल्पना चतुर होती यात शंका नाही. परंतु एखाद्याला वाचवावे की सोडून द्यावे, या नैतिक पेचाच्या तोंडावर मतदानाचा निकाल लावल्याने पेच सौम्य होतो, असे माझे मत आहे. पुढल्या भागात निर्णय घेताना वाचकाच्या मनात ते पात्र राहत नाही, टक्केवारी राहते. आपण बहुमतात आहोत की अल्पमतात, हा प्रश्न कथेबाहेरचा आहे. तो कथेत शिरला की शोकात्म प्रसंगही स्पर्धेसारखा वाटू लागतो.

लेखकाच्या बाजूने धोका याहून सूक्ष्म आहे. ज्या वाटेने कोणी जात नाही ती वाट छाटून टाकावी, हा मोह आकडे पाहताच होतो. व्यापारी दृष्टीने ते शहाणपणाचे ठरेल. पण या वाङ्मयप्रकारात न वाचलेल्या मजकुरालाही कार्य असते. 'इंकल'च्या २०१४ मधील 'एटी डेज' या रचनेत पाच लाखांहून अधिक शब्द आहेत, आणि एका प्रवासात वाचकाच्या वाट्याला त्याचा लहानसा अंशच येतो. उरलेले शब्द वाया गेलेले नाहीत. जग आपल्या वाटेपुरते संपत नाही ही जाणीव, जी या रचनेच्या आस्वादाचा गाभा आहे, ती त्या न पाहिलेल्या शहरांमुळेच येते. आपल्या कल्पित कथेतील पत्र थोड्यांनीच फोडले म्हणून ते काढून टाकले, तर पश्चिमेच्या दाराने निघालेल्या प्रवाशाचा खिसाही रिकामा होतो.

येथे कोणी विचारील की, प्रयोगकर्त्यांनी श्रोत्यांकडे पाहून रचना बदलणे हे आपल्याकडे पूर्वापार चालत आलेले नाही काय? आक्षेप रास्त आहे. नागपूरकडच्या खडी गंमतीतला शाहीर समोरच्या मेळ्याचा रागरंग पाहून बतावणी लांबवितो किंवा आवरती घेतो. झाडीपट्टीच्या नाटकांतील नट रात्र चढत जाईल तसा प्रेक्षकांचा नूर ओळखून खेळतो. परंतु तेथे पाहणे दुहेरी असते. शाहीर श्रोत्यांना पाहतो तसे श्रोते शाहिराला पाहतात. कोणत्या शब्दावर हशा पिकला हे दोघांनाही ठाऊक असते, आणि शेजाऱ्यालाही. शिवाय सकाळी मांडव उतरला म्हणजे ते ज्ञान स्मृतीत उरते, वहीत उरत नाही. ब्राउझरमधील नोंद एकतर्फी आहे आणि ती टिकते. या दोन बाबतींत शाहिराची उपमा लंगडी पडते. ज्यांना ती फार आवडते त्यांनी निदान वाचकालाही त्याची स्वतःची नोंद दाखवावी. मग तुलना थोडीफार शोभेल.

६

'बँडरस्नॅच' या 'नेटफ्लिक्स'वरील परस्परसंवादी चित्रपटाचे उदाहरण या संदर्भात बोधप्रद आहे. तो २८ डिसेंबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधक मायकल व्हील यांनी युरोपीय विदासंरक्षण कायद्यान्वये आपल्याविषयीच्या नोंदी मागितल्या, तेव्हा त्यांनी कथेत केलेल्या निवडी कंपनीने जतन केल्या असल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. त्या निवडींत न्याहारीला काय खावे यासारख्या क्षुल्लक बाबी आहेत, तशाच हिंसेच्याही आहेत. कल्पित पात्राच्या वतीने केलेली कृती ही वाचकाच्या स्वभावाची साक्ष मानावयाची काय, असा प्रश्न त्यातून उपस्थित होतो. वाङ्मयाच्या अभ्यासकाचे उत्तर 'नाही' असेच असावयास हवे. कारण जे आपण करणार नाही ते करून पाहण्याची मुभा हेच कल्पित वाङ्मयाचे एक प्रयोजन आहे. पण नोंदवही कल्पित आणि वास्तव असा भेद करीत नाही.

'डिप्रेशन क्वेस्ट' ही २०१३ मधील ट्वाइन-रचना या दृष्टीने अधिक विचार करावयास लावते. खिन्नतेच्या व्याधीने ग्रासलेल्या माणसाचे जिणे तीत चित्रित आहे, आणि त्याला शक्य नसलेले पर्याय पडद्यावर दिसतात, पण त्यांवर काट मारलेली असते. या एका योजनेने जे साधले आहे ते पानेच्या पाने वर्णन करूनही साधले नसते. आता अशा कृतीला कोणी प्रसंगागणिक नोंद जोडली असे समजू. वाचकांपैकी काही जण स्वतःच त्या व्याधीचे रुग्ण असणार, आणि उपचार घ्यावा की न घ्यावा या दुव्यावर ते जे करतील ते कोठल्या तरी दूरच्या कोष्टकात, त्यांच्या ब्राउझरच्या खुणेसह, जमा होणार. वैद्याच्या वहीला जी गुप्तता आहे ती या कोष्टकाला नाही.

आपल्या देशात या विषयाला आता कायद्याचेही अधिष्ठान आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्या पीठावर नागपूरचे शरद बोबडे होते. त्यांच्या स्वतंत्र मतपत्रात एक निर्देश आहे, तो विधिज्ञांपेक्षा आम्हां वाङ्मयाच्या लोकांनी अधिक आवर्जून वाचावा. गृह्यसूत्रांमध्ये घर कसे बांधावे याचे जे नियम आहेत ते घरातील माणसांचा एकांत राखण्यासाठी आहेत, असे सांगताना धर्मकृत्ये आणि भोजन यांच्या बरोबरीने त्यांनी वेदाध्ययनाचाही उल्लेख केला आहे. अध्ययनाला आडोसा हवा, ही जाणीव इतकी जुनी आहे.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदासंरक्षण अधिनियमाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांतील कर्तव्ये टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाची आहेत. विद्यार्थ्यांना यातील दोन तरतुदी ठाऊक असाव्यात. संशोधन, अभिलेखन व सांख्यिकी यांसाठी अधिनियमात सूट आहे. पण ती व्यक्तिविशिष्ट निर्णय न घेण्याच्या व विहित निकष पाळण्याच्या अटीवर. आणि अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढणे किंवा त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवणे अधिनियमाने निषिद्ध केले आहे. किशोरवयीनांसाठी परस्परसंवादी कथा रचून तिला गणक जोडू पाहणाऱ्याने 'हा तर केवळ खेळ आहे' या समजुतीवर विसंबू नये.

७

एवढे सगळे ध्यानात घेऊनही ज्याला नोंद ठेवावयाची आहे, त्याने ती स्वतः ठेवावी, परक्या कोठीत ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. खासगीपणाचा मुद्दा क्षणभर बाजूस ठेवला, तरी अभ्यासाच्या दृष्टीनेही हेच श्रेयस्कर आहे. गूगलच्या ॲनालिटिक्सची जुनी पद्धती १ जुलै २०२३ पासून नव्या नोंदी घेईनाशी झाली आणि त्यानंतर वर्षभराने तीतील जुन्या नोंदीही पाहावयास मिळेनाशा झाल्या. ज्यांनी त्या उतरवून घेतल्या नव्हत्या, त्यांच्या कथांच्या वाचनाचा इतिहास नष्ट झाला. पोथ्या जळाव्यात तसा, पण धूर न होता. नव्या पद्धतीतही सुटी नोंद सामान्य वापरकर्त्यास मुळात दोन महिनेच राखून मिळते. मागणी केल्यास चौदा. पीएच.डी.चा प्रबंध चौदा महिन्यांत पुरा झाल्याचे ऐकिवात नाही.

स्वतःच्या सर्व्हरवर चालणारी 'मॅटोमो' सारखी साधने आहेत. आणि खरे पाहता प्रबंधापुरत्या कामाला तीही लागत नाहीत. प्रसंगाचे नाव आणि क्रमांक एवढेच साध्या मजकुराच्या फाइलीत उतरविणारी दहा ओळींची संहिता पुरते. तीत वाचकाची खूण ठेवू नये. पहिल्या प्रसंगापूर्वी, काय नोंदविले जाईल हे मराठीत आणि दोन वाक्यांत सांगावे, आणि नोंद न देता वाचण्याचा दुवा त्याच आकाराच्या अक्षरांत शेजारी ठेवावा. ज्या दिवशी कथेच्या मजकुरात फरक केला, त्या दिवशी नोंदवहीही नवी सुरू करावी आणि जुन्या मजकुराची प्रत तिच्यासोबत बांधून ठेवावी. नाही तर कोणत्या पाठाचे हे वाचन, हे दहा वर्षांनी कोणालाच सांगता येणार नाही. शेवटच्या प्रसंगाचा वाचनकाळ मोजण्याच्या भरीस पडू नये. तेथे वाचकासाठी एक कोरी चौकट ठेवावी, आणि त्याने ती कोरी सोडली तर कोरीच नोंदवावी.